वाइनला वारा द्यायचा की नाही

मागच्या महिन्यात संगमनेरच्या बाजारात मेथीची जुडी निवडत उभी होते, तेवढ्यात फोन वाजला. माझ्या भाचीचे सासरे, नगरहून. शेजारच्या खोलीत कुणी आजारी असावं तसा दबका आवाज.

"ताई, पाहुणे बसलेत. रेड वाइनची बाटली उघडायचीय. मुलगा म्हणतो, आधी तासभर उघडून ठेवायची. जावई म्हणतात, लगेच ओतायची. दोघं हट्टाला पेटलेत. तुम्ही सांगाल ते फायनल."

"कोणती बाटली? किती जुनी?" मी विचारलं.

तिकडे आधी चष्म्याची शोधाशोध झाली, मग बाटलीवरची अक्षरं वाचायला नातवाला बोलावणं गेलं. मेथीवाली माझ्याकडे टक लावून बघत होती.

"दारूचं बोलताय व्हय, ताई?"

"वाइनचं."

"तेच की," ती म्हणाली आणि कोथिंबीर हवी का ते विचारलं.

नोकरी सुटली तरी हा प्रश्न मला सुटलेला नाही. लग्नात, बारशात, एकदा तर दशक्रियेच्या पंगतीत शेजारच्या पाटावरच्या गृहस्थांनी हळूच विचारलं होतं, की वाइन उघडल्यावर तिला वारा द्यायचा असतो म्हणतात, ते खरं का? मी म्हटलं, आधी आमटी घ्या, निवतेय.

खरं आहे, आणि खोटंही आहे. आधी मी या धंद्यात कशी आले ते थोडक्यात सांगते.

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन देवळाली प्रवरात, भर ऊसपट्ट्यात आले. तिथून जवळच एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळेची नोकरी लागली. सासूबाईंची त्याला ना नव्हती. स्पिरिट म्हणजे सुई टोचण्याआधी दंडाला लावतात ते, एवढीच त्यांची समजूत होती आणि ती बदलायची मला काही घाई नव्हती. पुढे यजमानांची बदली संगमनेरच्या शाळेत झाली. त्याच सुमारास शेजारच्या अकोले तालुक्याच्या वाटेवर एका द्राक्षबागायतदाराने वायनरी काढली. त्यांना केमिस्ट हवा होता. त्यांचं नाव दत्ताभाऊ. मनानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा माणूस. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, तुमाला वास कळतो का?" मी म्हटलं, कळतो. नोकरी मिळाली.

हे प्रकरण मात्र सासूबाईंपासून लपणारं नव्हतं.

"गावात काय सांगू मी?"

"द्राक्षाच्या रसाचा कारखाना आहे म्हणा."

"तुला प्यावी लागती का ती?"

"चव घ्यावी लागते. तोंडात घेऊन थुंकते मी."

सासूबाईंनी यावर बराच विचार केला. मग म्हणाल्या, "एवढी चांगली द्राक्षं आधी नासवायची, आन मग थुंकायची? त्यापरीस पीत का न्हाईस?"

सुरुवातीला मी फक्त प्रयोगशाळेत होते. पुढे वायनरी बघायला लोक येऊ लागले, तेव्हा दत्ताभाऊंनी टेकडीच्या बाजूला एक खोली बांधली. लाकडी टेबल, उंच काचेचे पेले, खिडकीतून दिसणारी बाग. येणाऱ्यांना चार प्रकारच्या वाइन चाखायला देऊन माहिती सांगायची. प्रयोगशाळेतून उचलून त्यांनी मला तिथंही बसवलं. "तुमी मास्तरांच्या मंडळी, तुमाला शिकवता येईल," म्हणाले. मास्तरांच्या बायकोला शिकवता येतं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय कोण जाणे.

तर वाऱ्याचं असं आहे. सफरचंद चिरून ठेवलं की काळं पडतं. ताक उघडं राहिलं की आंबतं. हवा लागली की पदार्थ बदलतो, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत असतं. वाइनचंही तेच. काळ्या द्राक्षाची वाइन सालांसकट आंबवतात, म्हणून तिच्यात सालांचा आणि बियांचा तुरटपणा उतरतो. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी जाड होते, तसं काहीसं. अशी वाइन नवी असताना बाटलीत अंग चोरून बसलेली असते. वास येत नाही, आला तर धड येत नाही. कधीकधी बूच काढल्या काढल्या काडी ओढल्यासारखा नाहीतर अंड्यासारखा वास येतो आणि नवखा माणूस बाटली परत पाठवतो. ती वाइन जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा. तो वास उडून जातो, खालचा फळांचा वास वर येतो आणि तोंडातही ती मवाळ लागते. चहा उकळत असताना आपण पळीने वर घेऊन धार धरतो, तसाच हाही प्रकार.

पण ओतायला हवी. नुसतं बूच काढून बाटली टेबलावर ठेवली तर काही होत नाही. बाटलीच्या गळ्याला रुपयाएवढं तोंड. तेवढ्यातून आत वारा शिरणार किती? लोक बूच काढून बाटलीकडे आदराने बघत तासभर बसतात. त्यात वाइन बदलत नाही, पाहुण्यांची भूक तेवढी वाढते.

पांढऱ्या आणि गुलाबी वाइनला हा खटाटोप सहसा लागत नाही. ती थंड करा आणि प्या. बुडबुड्यांच्या वाइनला तर मुळीच नको, तिचा जीवच त्या बुडबुड्यांत असतो. आणि जी वाइन मुळातच बिघडलीय, व्हिनेगर झालीय, तिला वादळात नेऊन ठेवली तरी ती सुधारत नाही.

एवढं सांगितलं की लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन आपल्या मनाचं करायचे.

त्यातले एक म्हणजे कर्जतचे पोपटशेठ. ट्रॅक्टरची एजन्सी असलेला, उमदा, हौशी माणूस. आमच्याकडून रेड वाइनची पेटी घेऊन गेले आणि आठवड्याने त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या वाइनला लसनाचा वास येतोय."

हे हसण्यावारी नेण्याजोगं नव्हतं. मघाशी म्हटलेला अंड्याचा वास हवेने जातो. पण तोच दोष वेळीच दूर केला नाही आणि वाइन तशीच बाटलीत भरली गेली, तर त्यातून पुढे कांद्या-लसणासारखा वास तयार होतो. तो मात्र हवेने जात नाही. आणि एका बाटलीला तो असेल, तर त्या टाकीतल्या सगळ्या बाटल्यांना असणार. त्या टाकीतला माल पुण्याला, नाशिकला पोचला होता.

दत्ताभाऊंनी आधी मला विचारलं, मग आकाशातल्या देवाला विचारलं, मग जीप काढायला सांगितली. मी मधल्या वेळात त्याच भरणीच्या आमच्याकडच्या बाटल्या उघडून हुंगल्या. लसूण नव्हता. पण भीती अशी असते, की दहाव्यांदा हुंगल्यावर मला लसूण आल्यासारखा वाटायला लागला. शेवटी जीपमध्ये बसलो. कर्जत म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक.

पोपटशेठनी आमचं स्वागत जावयासारखं केलं. सरबत झालं, फरसाण झालं. मग त्यांनी अर्धी उरलेली बाटली आणली. मी पेल्यात ओतून वास घेतला. जांभूळ, थोडी मिरी. लसूण कुठेच नाही.

"यात नाहीये," मी म्हटलं.

"बाटलीत न्हाई येत ओ," पोपटशेठ म्हणाले. "वारं दिल्यावर येतोय."

"कसा दिलात वारा?"

पोपटशेठ जरा सावरून बसले. "आमच्या पुतन्यानं मोबाईलवर बघितलं. फारेनला लोक मिक्सरमधी फिरवत्यात. अर्ध्या मिन्टात काम. तासभर कोन वाट बघनार?"

आतल्या दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. मोठं कुंकू, हातात ताट. त्या पुढे आल्या.

"कोनता मिक्सर?"

"आपलाच की."

"आन भांडं कोनतं घेतलं?"

पोपटशेठ फरसाणाची बशी आमच्याकडे सरकवू लागले.

"ल्हान भांडं घेतलं ना? त्यात मी रोज लसनाची चटनी वाटती! मला इचारायचं तरी!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "परवाच्या चटनीला लई इचित्र वास मारत हुता. मी म्हनलं शेंगदानं खवट निघालं. आख्खा डबा फेकला मी, ताई!"

दत्ताभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि पोपटशेठना त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. जेवल्याशिवाय काही सुटका झाली नाही. निघताना वहिनींनी मला लसणाची ताजी चटणी बांधून दिली. मिक्सरने खरोखर हवा मिसळते बरं का, त्यात पुतण्याचं काही चुकलं नव्हतं. पण मी तो सल्ला कधीच कुणाला दिला नाही. मराठी घरात स्वतंत्र, बिनवासाचं मिक्सरचं भांडं मिळणं कठीण.

अशा गमतीजमती पुष्कळ झाल्या. पण धंद्यातली कुठली गोष्ट आठवून बरं वाटतं असं कुणी विचारलं, तर मी राजूरच्या डॉक्टरांची सांगते.

डॉक्टर कुलथे राजूरला, त्या डोंगरातल्या बाजारगावी, तरुणपणी गेले आणि तिथलेच झाले. आजूबाजूच्या वाड्यापाड्यांचा तोच एक दवाखाना. एके दिवशी ते आमच्याकडे आले, ते चाखायला नव्हेच. बरोबर सोमाभाऊ होते, त्यांचे कंपाउंडर. बारीक चणीचे, पांढऱ्या मिशांचे, दवाखान्यात डॉक्टरांइतकीच वर्षं काढलेले. त्यांनी कापडी पिशवीतून एक बाटली काढली, दोन्ही हातांनी धरून खळाखळा हलवली आणि माझ्यापुढे ठेवली.

मी किंचाळलेच. "अहो, हलवता कशाला?"

"म्हंजे?" सोमाभाऊ दुखावले. "औषध हलवूनच द्यायचं आस्तं. खाली साका बसलाय बघा."

साका बसला होता, कारण वाइन फार जुनी होती. लेबल जवळपास पुसलेलं. बाटलीची हकीकत डॉक्टरांनी सांगितली.

पुष्कळ वर्षांपूर्वी पिएर नावाचा एक फ्रेंच माणूस गड बघायला एकटाच आला आणि वरच्या वाटेवरून घसरून पडला. मांडीचं हाड मोडलं. सोमाभाऊ आणि वाडीतल्या माणसांनी घोंगडीची डोली करून त्याला दवाखान्यात उतरवला. डॉक्टरांनी हाड बसवून प्लास्टर घातलं. हलवता येण्यासारखा नव्हता म्हणून डॉक्टरांच्या घरीच, माईंच्या, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीच्या देखरेखीखाली राहिला. बरा होऊन गेला आणि पुढे कुणा ओळखीच्याच्या हाती ही बाटली पाठवली. त्याच्या गावच्या द्राक्षांची. निरोप असा, की मी परत येईन तेव्हा सगळे मिळून उघडू.

तो आला नाही. संसारात अडकला असेल. डॉक्टरांनी बाटली दवाखान्याच्या मागच्या दगडी खोलीत, खाटेखाली आडवी ठेवून दिली. आडवी का, तर उभी ठेवली की मांजर पाडायचं.

"आता त्याची मुलगी येतेय," डॉक्टर म्हणाले. "तो वारला गेल्या वर्षी. तिला बघायचंय बाप कुठे पडला आणि कुठे राहिला ते. म्हणून म्हटलं, ही उघडावी. पण मॅडम, मी औषधवाला माणूस. तारीख उलटली की फेकून देतो. हिचं काय करायचं? चांगली असेल का?"

"उघडल्याशिवाय नाही सांगता येणार," मी खरं ते सांगितलं. "राजूर थंड, खोली दगडी, बाटली आडवी. नशीब चांगलं असेल तर असेल. नाहीतर व्हिनेगर."

"किती आधी उघडून ठेवायची?"

"मुळीच नाही. ती मुलगी खुर्चीत बसली की मग उघडायची. नव्या वाइनला हवा मानवते. इतक्या जुन्या वाइनमध्ये आता फार थोडं उरलेलं असतं. जास्त हवा लागली तर तेवढंही जातं."

"कळलं," डॉक्टर म्हणाले. "पेशंट अशक्त आहे, ऑपरेशन झेपणार नाही."

बाटली परत राजूरला न्यायची नाही असंही ठरलं. सोमाभाऊंनी ढवळलेला साका खाली बसायला तिला काही दिवस एका जागी उभी ठेवायला हवी होती, आणि त्या रस्त्याच्या खड्ड्यांतून नेली तर सगळं मुसळ केरात. त्यामुळे मंडळींनीच वायनरीत यायचं ठरलं. फक्त माईंना येता येणार नव्हतं. खुब्याचं हाड मोडून त्या अंथरुणावर होत्या.

दत्ताभाऊंना बातमी कळली आणि त्यांच्या अंगात आलं. त्यांनी संगमनेरहून फोटोग्राफर बोलावला, टेबलावर नवी चादर घातली आणि परदेशातून आणलेलं डिकँटर, म्हणजे वाइन ओतून ठेवायचं ते रुंद बुडाचं, हंसासारख्या मानेचं काचेचं भांडं, मधोमध मांडलं.

"यात ओतायची नाहीये, भाऊ," मी म्हटलं.

"मग हे मी घेतलं कशाला? शोकेसला?"

"आजच्यापुरतं शोकेसला."

"मॅडम, फोटोत काय दिसंल? नुस्ती धुळीची बाटली?"

मी ऐकलं नाही. ते रुसून बागेत गेले, पण कान खिडकीशी होते.

दुपारी डॉक्टरांची गाडी आली. मुलीचं नाव क्लेर. मुलगी म्हणायची, पण पन्नाशीच्या आसपासची असावी. कापलेले करडे केस, साधा सुती कुडता. सकाळी ती माईंच्या उशाशी बसून आली होती. ती इंग्रजी बोले, डॉक्टर मराठीत सांगत, सोमाभाऊ मान डोलवत.

ती बसली. मी बूच काढायला घेतलं. इतक्या जुन्या बुचात मळसूत्र घातलं तर त्याचा भुगा होतो, म्हणून दोन पात्यांच्या ओपनरने बाजूनं धरून हळूहळू वर घेतलं. तरीही खालचा तुकडा तुटलाच. तो चिमट्याने काढला. मग थोडी पेल्यात ओतून नाकाशी धरली.

ओल्या गोणपाटाचा वास. कुबट.

माझा चेहरा वाचायला कुणाला शिकावं लागलं नसतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. क्लेर काहीतरी म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं, "ती म्हणतेय, तिचे वडील घरी वाइन नेहमी चिनी मातीच्या जगमध्ये ओतून ठेवायचे. तसं करूया का? वास जाईल."

खिडकीतून दत्ताभाऊंचं डोकं आत आलं. "मंग! भांडं तयार हाय!"

खरंच मोह झाला. कुबट वास घालवायचा तर हवा हाच उपाय. पण सगळी बाटली एकदम ओतून टाकली आणि वासाबरोबर वाइनही गेली तर? परत बाटलीत भरून काही मागची वेळ आणता येत नाही. आणि मागणी करत होती ती त्याची मुलगी. तिच्या बापाची वाइन. मी कोण नाही म्हणणार?

मी म्हटलं, "डॉक्टर, तिला सांगा, वडील ओतायचे ती त्या त्या वर्षाची नवी वाइन असणार. ही आता म्हातारी झालेली आहे. या एका पेल्यावर बघूया. तो सुधारला तर बाकीची पेल्यातच घेऊ."

क्लेरने ऐकलं, थोडा विचार केला आणि मान हलवली. मी तो पेला हळूहळू फिरवत बसले. फोटोग्राफर जांभई देऊन बाहेर गेला. मी हुंगलं, गोणपाट. परत फिरवला. परत गोणपाट. मग जरा कमी. मग, शपथेवर सांगते, वाळलेल्या अंजिराचा वास आला, त्यामागून तंबाखूचा, त्यामागून सागवानी पेटी उघडल्यावर येतो तसा काहीतरी.

मी पेला क्लेरपुढे सरकवला. तिने नाक खाली नेलं आणि तशीच राहिली.

मग मी बाटलीच्या गळ्याखाली मोबाईलचा उजेड धरून, साका हलू न देता, अगदी बारीक धारेने सगळ्यांना ओतली. धारेबरोबर गढूळपणा गळ्याशी येताना दिसला, तिथे थांबले. दत्ताभाऊ न बोलावता येऊन बसले होते. रंग विटेसारखा झाला होता. चव अगदी हलकी, पण होती. आंबट झालेली नव्हती.

सोमाभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा वाइन तोंडात घेतली. डोळे मिटले. "जुन्या गोधडीचा वास येतोय," ते म्हणाले. "पेटीतल्या. चांगल्या गोधडीचा."

डॉक्टरांनी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा क्लेर हसली. तिने डॉक्टरांमार्फत सोमाभाऊंना विचारलं, बाबांना खाली आणलं तेव्हा ते शुद्धीवर होते का?

"शुद्धीवर? वाटभर वरडत हुता!" सोमाभाऊ म्हणाले. "आमाला वाटलं, बायकोचं नाव घेतोय. त्या येळंपासून माज्या ध्यानात हाय. दुस्मा, दुस्मा. सारखं आपलं दुस्मा, दुस्मा."

डॉक्टरांना भाषांतर करायची गरज पडली नाही. क्लेरने पेला खाली ठेवला. तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी ती हसायलाही लागली. डॉक्टरांना तिने काहीतरी सांगितलं, आणि तेही हसत सुटले.

"सोमा, अरे तो 'हळू' म्हणत होता! त्यांच्या भाषेत दुस्मा म्हणजे हळू, सावकाश!"

सोमाभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आरं द्येवा! आन आमी पळत हुतो! आमाला वाटलं, बायकोची आठवन आली, लवकर न्ह्यावं!"

क्लेर उठून त्यांच्यापाशी गेली. त्यांचा उजवा खांदा, डोलीचा बांबू जिथे असेल तो, तिने दोन्ही हातांनी धरला आणि कपाळ टेकवलं. सोमाभाऊ ताठ बसून राहिले. त्यांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोटोग्राफर बाहेर होता. बरं झालं.

अर्ध्या तासात वाइन गेली. म्हणजे पेल्यात होती, पण वास निघून गेला होता, चव पाणचट चहासारखी झाली होती. दत्ताभाऊंनी फोटोसाठी उरलेली घोटभर वाइन शेवटी डिकँटरमध्ये ओतलीच. मोठ्या भांड्याच्या तळाशी ती जखमेवर लावलेल्या आयोडिनसारखी दिसत होती. त्यांनी स्वतःच मान हलवली आणि फोटोग्राफरला चहा पाजून परत पाठवला.

त्याआधी, मी पहिल्यांदा ओतत असतानाच, डॉक्टरांनी एक काम केलं होतं. बॅगेतून नमुन्याची नवीकोरी बाटली काढली. कसल्या नमुन्याची ते विचारू नका. "माईला न्यायचीय," ते म्हणाले. "टिकेल का?"

"काठोकाठ भरा. आत हवेला जागाच राहता कामा नये. आणि गेल्या गेल्या द्या."

त्यांनी हातमोजे घातल्यासारख्या काळजीने ती गच्च भरली, झाकण पिळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवली. जाताना सोमाभाऊ त्या खिशाकडे बोट दाखवून मला म्हणाले, "ही न्हाई हलवनार. दुस्मा नेतो."

वायनरी आता दत्ताभाऊंचे चिरंजीव चालवतात. गोड वाइन जास्त खपते, म्हणून तीच जास्त करतात. तिला वारा लागत नाही आणि वेळही लागत नाही. ती टेकडीकडची खोली आता लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने देतात. मला वाईट वाटतं, पण मी बोलून दाखवत नाही. फोटोवाल्यांना उजेड चांगला मिळतो म्हणे.

क्लेर येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत होते. राजूरहून फोन आला. पलीकडे डॉक्टर नव्हते.

"मॅडम, मी माई. डॉक्टरांची मंडळी."

"माई! घेतलीत का?"

"घेतली काल. यांनी औषधाच्या मापानं दिली."

"कशी लागली?"

"खरं सांगू? रागावू नका हं. बेचव. चिंचेचं कोमट पाणी बरं त्यापेक्षा."

वाटेतच गेली असणार, माझ्या मनात आलं. "वाईट वाटून घेऊ नका. जुनी होती फार. उरलेली टाकून दिलीत ना?"

"टाकीन कशी?" माई म्हणाल्या. "अहो, तो आमच्याकडं होता ना, तेव्हा मी रोज नागलीची भाकरी करायची. त्याच्या घशाखाली उतरत नव्हती, मला दिसायचं की. पाण्याबरोबर एकेक घास गिळायचा. पण एक तुकडा कधी ताटात टाकला नाही त्यानं. मग मी त्याची टाकू? सगळी संपवली."